मेंढरं हाकण्याच्या कामातून वैमानिकाला मोकळं करण्याबाबत

प्रति,
मा. जनरल मॅनेजर साहेब,
भीमथडी एअर सर्व्हिस,
धावपट्टी कार्यालय, बारामती, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती सारजाबाई गेणू मदने, वय अंदाजे सत्तर, शिक्षण दुसरी पास, रा. सणसर, ता. इंदापूर.

विषय : माझा नातू मानसिंग मदने यास आपण विमान चालवण्यासाठी नेमले असल्याने विमान चालवू देणेबाबत.

संदर्भ : टोपी मळवल्याबद्दल आपण त्याला दिलेले पत्र, दि. १२ एप्रिल १९९७.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, मी महिला मंडळाची अध्यक्ष आहे. मंडळाच्या वतीनं आजवर एकवीस अर्ज दिले. एकाचं उत्तर आलं, ते दुसऱ्याच बाईच्या अर्जाचं होतं. तरी बाविसावा अर्ज देत आहे, कारण आपण शिकलेले आहात असं मानसिंग म्हणतो.

१. आमचं घर मूळ मेंढपाळाचं. माझे मालक कै. गेणू मदने यांनी चाळीस वर्षं मेंढरामागं पाय झिजवले. मानसिंग बारावी सायन्स पास झाला आणि विमान चालवीन म्हणाला, त्या साली आम्ही मेंढरांची शेवटची खांड मोडली आणि मळ्यात राबायला लागलो. मालकांनी आपली काठी बिरोबाच्या देवळात नेऊन टेकवली आणि भरल्या देवळात शब्द दिला, "ह्या घरातल्या पोराच्या हाती आता काठी येणार न्हाय." काठीला अकरा वर्षं झाली. पुजारी तिला दर अमावस्येला तेल लावतो. मालक गेले, काठी तिथंच आहे. ही माहिती आपल्याला पुढं लागणार आहे, म्हणून आधी दिली.

२. आपण पेपरात छापलं होतं, "या, तीन वर्षांत कॅप्टन व्हा." पोरगा विमानाचं लायसन घेऊन आला. उद्घाटनाला तीन विमानं उभी होती, मी स्वतः तिन्हींना हळदीकुंकू लावलं, तेव्हा मालक होते. माझं कुंकू कमी पडलं असावं, कारण सहा महिन्यांत एक बंद पडलं, मग त्याचे भाग काढून दुसऱ्याला लावले, मग दुसऱ्याचे तिसऱ्याला. आता जे एक उडतं त्याच्यात तिघांचा जीव आहे असं म्हणायला हरकत नाही. कॅप्टन साहेब सोडून नवे वैमानिक सहा होते. त्यांनी तिकिटं फाडली, मुंबईच्या पाहुण्यांच्या डाळिंबाच्या पेट्या वजन करून चढवल्या, उतरवल्या, आणि विमानाच्या काचा पुसल्या. त्यातले चार मोठ्या कंपनीत गेले. त्यांना जाता आलं, कारण त्यांना मेंढरं ओळखत नव्हती.

३. आता मेंढरांबद्दल. आपण धावपट्टीला कुंपण घातलं ते पुढच्या बाजूला, जिथनं पाहुणे दिसतात. मागची बाजू परमेश्वराच्या भरवशावर आहे. दिवाळी सरली की आमच्या भागात गवताची काडी राहत नाही आणि आपल्या पट्टीच्या कडेला गुडघाभर वाळलेलं गवत उभं आहे. मेंढराला नोटीस वाचता येत नाही. माझा दीर झुंबर याची खांड आणि शेजारच्या वस्तीवरची आणखी दोन तिथं शिरतात. मी झुंबरला बोलले. तो म्हणाला, "वहिनी, म्या वळीवतो, पर त्यास्नी गवात दिसतंय नव्हं." खरंच आहे. आपल्याला सुद्धा जे दिसतं तिकडंच आपण जाता.

पहिल्या वेळेला आपला वॉचमन शिट्टी फुंकत धावला. मेंढरं चहूकडं पांगली आणि मुंबईचं विमान वर घिरट्या घालत बसलं. त्या वेळेला मानसिंग वजनकाट्यापाशी होता. त्यानं तिथनंच हाळी दिली, जशी त्याचा आजा द्यायचा. सगळी खांड मान वळवून त्याच्यामागं चालती झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच माझ्या नातवाचं वाटोळं केलं.

त्या दिवसापासून नियम असा झाला : विमान सुटताना आणि उतरताना पट्टी मोकळी पाहिजे. पट्टी मानसिंगशिवाय मोकळी होत नाही. म्हणून विमान सुटताना आणि उतरताना मानसिंग जमिनीवर पाहिजे. म्हणून मानसिंग विमानात बसू शकत नाही. कॅप्टन साहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत रोज चेअरमन साहेबांचा भाचा सौरभ बसतो. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याला मेंढरू आणि बकरू यातला फरक कळत नाही, एवढ्या एका गुणावर तो वर गेला.

मानसिंगनं आपल्याला तोंडी विचारलं तेव्हा आपण म्हणालात, "मदने, तू वर गेलास तर खाली कोण? कंपनीला तुझी किंमत आहे." घरी येऊन त्यानं ते सांगितलं आणि ताटावरनं उठला. मी म्हणाले, "जेव की." तो म्हणाला, "आज्जे, किंमत आहे म्हणून पोट भरलं."

४. संदर्भातल्या पत्राबद्दल. आपण लिहिता की वैमानिकाची पांढरी टोपी हलवून मेंढरं हाकल्यानं टोपी मळली, हा गणवेशाचा गैरवापर आहे, खुलासा करावा. खुलासा मी करते. मेंढरं हाकायला काठी लागते. काठी धरायची नाही हा आजाचा शब्द आहे. पोरगं आपली नोकरी पण राखतं आणि आजाचा शब्द पण राखतं, त्यानं हातात असलेली एकच वस्तू वापरली. मेंढरं हाकायची टोपी वेगळी देत असाल तर तसं कळवावं. मळलेली टोपी मी रिठ्यानं धुतली आहे, आपल्या पत्रावरचा चहाचा डाग मात्र निघाला नाही.

५. आता मुद्द्याचं. मानसिंग सांगतो की सहा महिन्यांत पंधरा तास विमान चालवलेलं वहीत दिसलं नाही तर त्याचं लायसन पुढं चालू होत नाही. मुदत ३१ मे. त्याच्या वहीत नऊ तास आहेत, ते पण सौरभ बहिणीच्या लग्नाला गेला आणि त्याच आठवड्यात मेंढरं लांब चरायला गेली म्हणून मिळाले. सहा तास कमी आहेत. मुंबईला जाऊन यायला पावणेदोन तास, म्हणजे चार खेपांत काम होतं. मेंढरामागं केलेले तास धरा म्हटलं तर ते तीनशेच्या वर जातात, पण विमान खातं ते धरत नाही, मी त्याला विचारून घेतलं. लायसन गेलं की कॅप्टन होणं गेलं, मोठ्या कंपनीत जाणं गेलं. मग तो कायमचा आपल्या पट्टीवर राहील. आपला हिशेब तोच असेल तर तसं लेखी द्यावं, आम्ही मोडलेली खांड परत जमवतो. निदान मेंढरं आमची असतील.

६. सबब तोडगा मीच देते. येत्या सोमवारपासून ३१ मे पर्यंत मेंढरं मी हाकीन. मी मेंढराच्या पाठीवर वाढलेली बाई आहे, माझी हाळी मानसिंगपेक्षा लांब जाते, शिकवली पण मीच. पगार नको, टोपी नको. उन्हात बसायला एक पोतं द्यावं. माझ्या वयाबद्दल शंका असेल तर आपल्या विमानाचं वय आधी बघावं.

मला काठी लागणार, कारण माझे गुडघे टोपीवर चालत नाहीत. म्हणून रविवारी मी बिरोबाच्या देवळात जाऊन मालकांची काठी उचलून आणणार आहे. अकरा वर्षांत तिला कुणी हात लावला नाही. शब्द पोरासाठी होता, आणि मी पोरासाठीच उचलते आहे, देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. मानसिंगला हे अजून माहीत नाही. तो मला अडवील, म्हणून त्याला सोमवारीच कळू द्यावं, आणि ते विमानात बसल्यावर कळावं अशी विनंती आहे.

सोमवारी सकाळचं विमान सुटायच्या आधी मी मागच्या बाजूला, जिथं कुंपण नाही तिथं उभी असेन. पट्टी मोकळी झाली की मी काठी वर करीन. उजव्या खुर्चीत मानसिंग दिसला तरच करीन. दुसरं कुणी दिसलं तर मी काठीवर हनुवटी टेकून खाली बसेन, आणि मेंढरं मग त्यांच्या मनानं चरतील.

कळावे. विमान चालू ठेवावे.

आपली, तूर्त नम्र,
सारजाबाई गेणू मदने
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

ठिकाण : सणसर
दि. २३ एप्रिल १९९७

सोबत :
१. "तीन वर्षांत कॅप्टन" या जाहिरातीचं कात्रण. मागच्या बाजूला कांद्याचे भाव आहेत, ते वाचू नयेत.
२. मानसिंगच्या तासांच्या वहीची नक्कल, नऊ तासांची. एकाच पानात मावली.
३. धुतलेली टोपी. सोमवारी त्याच्या डोक्यावर लागेल, हरवू नये.