एव्हरेट भाऊजी आणि कोमट पाण्यातली पट्टेरी बास

ती. लोरिंडाताईस,

हॅटीचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. कंबर धरली आहे आणि उठताना माझ्या तोंडून जो आवाज निघतो तो टपाल कचेरीपर्यंत जातो. कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? मर्सीच्या बाळाला दात आले का? इकडे र्‍होड आयलंडात सगळं ठीक. तुझ्या टोमॅटोंना पाणी मी घालते आणि ते खातेही मीच, कारण भाऊजी अजून पाव आणि डब्यातल्या सूपवरच आहेत.

भाऊजींबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. ईस्टरनंतर ओहायोला जायला लेकीच्या, मर्सीच्या गाडीत बसताना तू म्हणालीस ना, की अख्खा हिवाळा मी एका खुर्चीबरोबर संसार केला, तर खुर्चीत फारसा बदल नाही. मासेमारीची बोट विकल्यापासून जी वाचा बसली ती बसलीच. तेव्हा तो विषय सोडून माशाबद्दल लिहिते.

ऑगस्ट निम्मा सरला. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट. अशा पाण्यात मोठ्या बास माशांच्या वाटेला जाऊ नये हे मला कळतं. गरम पाण्यात त्यांना श्वास पुरत नाही, त्यात झुंजवलं तर सोडून दिल्यावरही मरतात. म्हणून मी ब्लूफिशसाठी गेले होते. फक्त ब्लूफिशसाठी. (हे तू तरी मान्य कर, इथे कुणी करत नाही.) नुकतं उजाडलं होतं, खाडीच्या तोंडाशी भरती लागली होती. भाऊजींना बरोबर घेतलं, म्हणजे गाडीत बसा म्हटलं, बसले. वाळूवर घडीची खुर्ची मांडली, तिच्यात बसले. (खुर्चीवर खुर्ची.)

तिसर्‍या की चौथ्या फेकीला गळ असा ओढला गेला की मला वाटलं, कुणाची तरी होडी अडकली. दोरी जाड होती म्हणून बरं, मी झुंज लांबवली नाही, सरळ ओढतच आणली. उथळ पाण्यात ती आडवी झाली तेव्हा कुठे मला नीट दिसली. ताई, एवढी बास मी बाबांच्या वेळेनंतर पाहिली नव्हती! एवढा मोठा मासा म्हणजे मादीच, आणि माझ्याहून फार लहान नसावी. सात काळे पट्टे, घासून पुसून लावल्यासारखे. एवढ्या मोठ्या माशाला कायद्यानं सोडायलाच लागतं, पण कायदा नसता तरी मी सोडलीच असती. गळ काढला, तिला पाण्यातच धरलं, हात सोडला; तर ती हळूच कुशीवर वळली आणि पोट वर करून तरंगायला लागली. तिला पकडायला मी झेपावले, शेवाळावरून पाय सटकला, आणि कमरेत जी काही कळ आली ती अजून जायची आहे.

मी ओरडले, "भाऊजी!"

पुढचं तुला खोटं वाटेल. खुर्ची उठली. बूटमोज्यांसकट, मनगटावरच्या घड्याळासकट चालत पाण्यात आली. मी बसल्या बसल्या माशाला शेपटीला धरून पुढं-मागं हलवत होते. भाऊजींनी कित्येक महिन्यांत मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य असं: "अगं, केर काढतेस काय तिच्यानं? मागं ओढलंस की कल्ल्यांत पाणी उलटं जातं. आण इकडे."

त्यांनी तिच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला, दुसरा हात पोटाखाली, आणि तिला घेऊन छातीभर पाण्यात गेले, जिथून समुद्राचं गार पाणी आत शिरतं तिथे. तोंड प्रवाहाकडे करून नुसते उभे राहिले. मी खडकाला धरून मागे. बराच वेळ काहीच झालं नाही. कल्ला एकदा उघडे, मग इतका वेळ उघडेच ना की मी मनात दहा वेळा माफी मागून घेतली.

तेवढ्यात किनार्‍यावर उन्हाळी पाहुण्यांतला एक पिवळ्या चड्डीतला गृहस्थ कुत्रं घेऊन आला. आधी म्हणाला, "आजोबा, वर उचला ना, फोटो काढतो!" भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. मग त्याला एक म्हातारा छातीभर पाण्यात एकटाच पुटपुटताना दिसला, खडकावर एक म्हातारी कण्हताना दिसली, आणि त्या भल्या माणसानं मदतीसाठी फोन करून आगीचा बंब बोलावला; आपल्या गावात पेशंटसाठीही तोच येतो.

बंब आला तो भोंग्यासकट. त्यातून आपला डेल्मार टिलिंगहास्ट उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हॅटीमावशी, पेशंट कोण?"

मी माशाकडे बोट केलं.

"श्वास चालू आहे?"

"अधूनमधून."

त्यानं भोंगा बंद करायला लावला, आणि मग शांततेत ते पुटपुटणं सगळ्यांना ऐकू आलं. भाऊजी त्या माशाशी बोलत होते, ताई. "दमलीस ना? घे, दम घे. मला काही घाई नाही. बोट विकली, आता अख्खा दिवस मोकळा. सकाळी उठतो, बूट घालतो, मग आठवतं. मग काढतो. तिला सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? बूट घातले आणि काढले, हे?" मग तिचं तोंड पुन्हा प्रवाहाकडे वळवून, "जायचं असेल तर जा बाई. मी अडवत नाही. पण अशी दमलेली जाऊ नकोस."

डेल्मारनं हेल्मेट काढून हातात धरलं. पिवळ्या चड्डीवाल्यानं कुत्र्याचं तोंड दाबून धरलं. (कुत्रं भुंकत नव्हतं, तरीही.) माझे डोळे खार्‍या पाण्यानं चुरचुरत होते असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, तुलाही तेच सांगते.

मग कल्ले एकसारखे चालायला लागले. पाठीवरचा काटेरी पर उभा राहिला. आणि बयेनं भाऊजींचा अंगठा असा चावला की त्यांनी जो शब्द उच्चारला तो मी तुला लिहू शकत नाही, पण मोठ्यानं आणि स्पष्ट उच्चारला. शेपटीचा एक फटका, भाऊजींचा चष्मा खाडीत, आणि ती गेली. पोट खाली, पाठ वर, सरळ खोल पाण्याकडे. डेल्मार म्हणाला, "पेशंटला घरी सोडलं," आणि मला उचलून गाडीत घातलं.

परतीच्या वाटेवर भाऊजी पुन्हा गप्प. चष्म्याशिवाय गाडी चालवत होते, त्यामुळे मीही गप्प, प्रार्थना करत. घराजवळ आल्यावर एकदम म्हणाले, "ओहायोत आत्ता किती वाजले असतील?"

मी म्हटलं, "इथे वाजलेत तितकेच, भाऊजी. ओहायो काही चीनमध्ये नाही."

"असं होय," म्हणाले. "मला वाटलं फार लांब आहे."

बाळाला पापा.

तुझी,
हॅटी

ता. क. माझ्याहून फार लहान नसावी असं वर लिहिलं आहे ते ओल्या कपड्यांतलं मोजमाप समज.

ता. क. २. पिवळ्या चड्डीवाल्यानं शेवटी फोटो काढलाच. त्यात मासा नाही. भाऊजींची पाठ आहे आणि माझा नको तो भाग. मागितलास तरी पाठवणार नाही.

ता. क. ३. काल आणि परवा तुमच्या घरी पलीकडून काही न बोलता ठेवलेला फोन आला असेल, तर मर्सीला म्हणावं पोलिसांत जाऊ नको. तुझ्या इथल्या स्वयंपाकघरातून आला होता. मी दाराआड उभी होते. हे पत्र पोचल्यावरही पुन्हा येईल असा रंग आहे. तूच उचल, आणि लगेच ठेवू नकोस. त्यांना पहिला शब्द सापडायला जरा वेळ लागतो.