नाकातला आवाज

कान्हे

प्रिय स्नेहल,

तुला आणि माझ्या नातीला आशीर्वाद. डिंकाचे लाडू अण्णांच्या हाती पाठवलेत. डबा चांगला आहे, तेवढा परत पाठव. बाळंतपणाला तू माहेरी आली नाहीस, दवाखाना जवळ म्हणून तुंगार्लीतच राहिलीस, त्यावर मी काही म्हणत नाही. बारशाला मी पाळणा म्हणावा असं तू काल फोनवर म्हणालीस, मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवून दिला. आज सविस्तर लिहिते.

तुझ्या लग्नाची मंगलाष्टकं मी रचली होती. दोन्ही घरांची नावं गुंफायची म्हणजे सोपं नसतं गं. मॅट्रिकपर्यंतचं सगळं मराठी कामाला लावलं होतं. अंतरपाट धरायच्या आधी तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालीस, ‘आई, तू नको म्हणूस. तू नाकात गातेस, व्हिडिओत सगळं येतं, तिकडची माणसं हसतील.’ माझा कागद त्या ऑर्केस्ट्रावालीच्या हातात गेला. तिने तुझ्या आजीचं नावसुद्धा चुकीचं घेतलं. मी मुठीत अक्षता धरून उभी. इतकी वर्षं देवळात भजन म्हणत होते, पण माझा आवाज गेंगाणा आहे हे मला त्या दिवशी कळलं. देवाने कधी तक्रार केली नव्हती.

मग मी हट्टाला पेटले. शिकवणीवर पैसे घालणं माझ्या स्वभावात नाही. आपल्या मंडळातले पेटीवाले हनुमंतभाऊ म्हणाले, ‘वहिनी, आ लावा आन् नाक दाबा. आवाज बदलला की समजायचं, वारा नाकातनं पळतोय.’ मी दाबलं तर आवाज पार घुसमटला. तेव्हापासून रोज कुकर चढवला की सराव. जांभई देताना घशात वर जी जागा होते ती धरून ठेवायची, जबडा सैल सोडायचा आणि सूर तोंडातून बाहेर काढायचा. बदकासारखं ‘गा गा गा’ करायचं. अण्णा दारातून विचारायचे, ‘नाक धरून काय उभी राहिलीस, दूध नासलं का?’ दोन दिवाळ्या अशाच गेल्या. एका सकाळी नाक दाबलं तरी सूर हलला नाही. ओट्याशी एकटीच रडले मी.

त्या एकादशीला देवळात मोकळ्या गळ्याने अभंग म्हटला. हनुमंतभाऊंनी मान डोलावली. भागुबाई मावशींना आता दिसत नाही, माणूस त्या आवाजावरून ओळखतात. माझ्या अगदी शेजारी बसून त्यांनी विचारलं, ‘ही कोण नवी बाई? गाती ब्येस. पर आपली नंदा आज न्हाई आली व्हय?’ बायका खो खो हसल्या. मी त्यांचा हात धरून ‘मीच हाय की मावशी’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘मंग आसं परक्यावानी का गातीस?’ रात्रभर ते माझ्या मनातून गेलं नाही. लहानपणी ताप आला की तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाणं मागायचीस, स्नेहल. तेव्हा तुला तोच आवाज लागायचा, दुसऱ्या कुणाचा चालत नसे.

आता मंडळातल्या निलेशने आमच्या भजनाचा व्हिडिओ तुला पाठवला आणि तुझा फोन आला. ‘आई, किती छान गातेस आता! बारशाला माईकवर तूच म्हण, आता कुणी हसणार नाही.’ ते शेवटचं वाक्य तू सहज बोललीस, हे मला कळतं. म्हणूनच ते जास्त लागलं. फोनवर मी ‘हो’ म्हणून बसले असते, म्हणून हे पत्र. माईकवर पाळणा मी म्हणणार नाही. तुझ्या सासूबाईंना म्हणू दे. मी येईन, बाळाला कुंची घालीन, बायकांना घुगऱ्या वाटीन, कुणाला काही जाणवू देणार नाही. पाहुणे जेवायला बसले की मात्र नातीला थोडा वेळ माझ्याकडे दे. तिला मी माझ्या पहिल्या आवाजात झोपवणार आहे. एवढ्या सरावानंतर तो आता येतो की नाही, तेही मला माहीत नाही. आलाच, तर तुझ्या कानाला त्रास नको. तू तेवढा वेळ खोलीबाहेर थांब.

तुझीच,
आई