चुकीचा पत्ता

बाबा, उद्या संध्याकाळी दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवात माझं व्याख्यान आहे, विश्वाच्या उत्पत्तीवर. मंडळाचा चिटणीस सकाळीच येऊन गेला. "काका, शेवटी दणका पाहिजे हं, तुमचा नेहमीचा. पब्लिकला मजा पडली पाहिजे." इतकी वर्षं तो दणका देतच आलोय. सगळं विश्व एका अतितप्त, दाट अवस्थेतून पसरत आलं, त्याला घडवणारा कोणी लागला नाही, प्रश्न मिटला! मूठ आपटायची, टाळ्या घ्यायच्या. या वेळी नेमका तिथेच अडलोय आणि सारखे तुम्ही आठवताय.

नागरवाड्यातलं आपलं स्वयंपाकघर. कोपऱ्यात देव, तुम्ही पाटावर, कचेरीची घाई, आई चहा घेऊन उभी. पूजेआधीचा संकल्प चाललाय: आधी कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, देश, नदीचा तीर, आणि पार शेवटी आपलं गोत्र आणि तुमचं नाव. अख्ख्या काळातला आपला पत्ता सांगायचा आणि मग कुठे देवाला फूल वाहायचं. मी कॉलेजात, नुकता वाचायला लागलेला, वादाला टपलेला. "बाबा, गोदावरीचा दक्षिण तीर कसला? आपल्या पिढ्या बडोद्यात गेल्या. नर्मदासुद्धा इथून खाली राहिली. पत्ताच चुकीचा, तर पूजा पोचणार कुठे?" आई म्हणाली, "पोचते रे. पोस्टमन ओळखीचा आहे."

तुम्ही चिडला नाहीत. हातातलं पाणी ताम्हनात सोडलंत आणि माझ्याकडे वळलात. "काल तूच सांगत होतास ना, पृथ्वी फिरते, सूर्य तिला घेऊन धावतो, त्याची आकाशगंगाही कुठे तरी चाललीय? म्हणजे आंघोळीपासून इथवर मी किती लांब आलो असेन! मग बडोदे म्हटलं तरी खोटंच की. तू बरोबर पत्ता सांग, उद्यापासून तोच म्हणतो."

शोधून सांगतो म्हणालो. कुठल्या तरी पुस्तकात असणारच, असं तेव्हा वाटलं होतं. पुस्तकं वाचत गेलो आणि पत्ता लांबच जात राहिला. विश्वाला मध्य नाही म्हणतात, मग मोजायचं कुठून? सुरुवातीच्या आधी काय होतं विचारलं, तर कोणी म्हणतं काळच नव्हता, कोणी म्हणतं आणखी एक विश्व होतं. मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतो. पंचाईत अशी की बोलताना दोन्ही मला पटतात.

तुमच्या देवावर माझा विश्वास बसलाय असं समजू नका, तो अजूनही नाही. पण 'घडवणारा नाही' असं मी ओरडून सांगतो, तेव्हा ते मला माहीत असतं, की नुसतं तसं हवं असतं? हे स्वतःला विचारायला इतकी वर्षं का लागली, तेही कळत नाही.

दुपारी भाषणाचा शेवट खोडला आणि तिथे 'मला माहीत नाही' एवढंच लिहिलं. मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज माझा वाटेना, हाताचं काय करायचं ते सुचेना. हे पत्र कोणाला दाखवणार नाही, म्हणून लिहितो: बाबा, उद्या ते वाक्य संपल्यावर समोर सगळे गप्प बसतील, याची मला भीती वाटतेय.