तोंड दिसत न्हाई

रवि. २ फेब्रु.
पुन्हा तेच. दुपारी तीनला संदीपचा व्हिडिओ आला. आई धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून, मोबाईलसमोर पाटावर बसलेली. चौथ्या मिनिटाला चित्र थिजलं. पडद्यावर माझ्या भावाचा एक कान आणि मागची अर्धी भिंत. आई त्या कानाकडे बघत बसली, तो हलेल म्हणून. शेवटी मीच कट केला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला घराबाहेर काढलं.

दोन वर्षं झाली त्याला पोलंडला जाऊन. गोदामात खोकी लावतो. सहा जणांत एक वायफाय आणि तो डबाही घरमालकाच्या खोलीत, असं सांगतो. इथे वेल्ह्याच्या अलीकडे आमचं हे असं. दोन्हीकडे बोंब. दुसऱ्या कुणाची आई असती तर म्हटलं असतं, मरू दे तो व्हिडिओ, साधा फोन कर. आमच्या आईला साधा फोन काय चुलीत घालायचाय? आठव्या वर्षी तापात तिचे कान गेले. ओठ बघून बोलणं ओळखते, आणि स्वतः मोठ्यानं बोलते. आम्ही दोघं बोलायला शिकलो तेच तिच्यासमोर तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांवर मांडून. आमच्या घरात ऐकण्याला बघणं म्हणतात. "बघितलं का?" म्हणजे ऐकलं का. "दिसलं न्हाई" म्हणजे परत सांग.

मंगळ. ४ फेब्रु.
तीन आठवडे फोन केल्यावर आज केबलवाला पप्पू उगवला. पोट आधी, मग तो.
"ताई, तुमच्या भिंती दगडी हायेत. त्याला म्या काय करणार?"
"कनेक्शन देताना भिंती काय कागदाच्या होत्या?"

आत गेला आणि हसत बाहेर आला. वायफायच्या डब्यावर पितळेचं पातेलं उपडं घातलेलं! आईचं काम. "ऊब असती त्याला. पाल बसती वर," म्हणाली. तीन आठवडे मी या माणसाला शिव्या घालतेय आणि घरात डबा पातेल्याखाली. इतकी लाज वाटली की आईवरच ओरडले. ओरडलेलं तिला ऐकू येत नाही, पण तोंड दिसतंच. ती उठून परसात गेली.

आणि पातेलं काढून फरक काय? शून्य. पप्पू म्हणे, तुमची लाईन जुनी, फायबर फक्त वरच्या बंगल्यांना. पुण्याची माणसं शनिवार-रविवार येतात, त्यांना फायबर. वायर कुठून गेलीय? माझ्या छपरावरून!

रवि. ९ फेब्रु.
सं. दिसला, पण चौकोन चौकोन. गोधडीच्या तुकड्यांसारखा. आई म्हणाली, "त्याचं तोंड दिसत न्हाई." मी म्हटलं, नेटच तसलं आहे. तो तिकडून मला सांगतो, "ताई, इकडे पण स्लो आहे गं, पुढच्या रविवारी बघू." त्याचा पुढचा रविवार म्हणजे पाहुण्यांचं "या एकदा घरी".

चहा देताना दुसरंच लक्षात आलं. मी कप डावीकडून पुढे केला आणि तो तिला दिसलाच नाही. हात समोरच चाचपत राहिला. मी कप तिच्या हातात दिला.

गुरु. १३ फेब्रु.
आईला घेऊन भोरला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नसरापूर, मग कापूरहोळला तासभर एस.टी.ची वाट. फाट्यावर हीऽ गर्दी. आईनं तिच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "संदीपला सांगितलंस का, डोळं दाखवाया चाललोय म्हनून?" वडेवाल्यासकट सगळे वळून बघायला लागले. मी ओठ न हलवता "घरी गेल्यावर" म्हटलं. तिला कुठून दिसणार? तिनं परत विचारलं, आणखी मोठ्यानं. मी तोंड फिरवून बस बघत बसले.

काचबिंदू. नजर कडेकडून बंद होत आलीय. डॉ. म्हणाले, गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. थेंब एकही चुकवायचा नाही. किती दिवस टिकेल? सांगता येत नाही, उशिरा आलात. उशिरा आलात! दर रविवारी ती "दिसत न्हाई" म्हणते आणि मी पप्पूला फोन करते. कुणाला फोन करायला हवा होता हे मला कळू नये?

येताना बसमध्ये तिनं विचारलं, "डाक्टर काय म्हनला?" मी सांगितलं, थेंब घालायचेत. एवढंच सांगितलं. कान गेलेल्या बाईला डोळ्यांचं कोणत्या तोंडानं सांगायचं?

शुक्र. १४ फेब्रु.
संदीपला फोनवर सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, तोडलंच त्याला. म्हटलं, तिला दिसतंय तोवर तिच्याशी बोल, नंतर पाठवशील ते पैसे घालू का डोळ्यात? तो म्हणाला, कागदपत्रं नव्यानं करायला टाकलीत, आत्ता देश सोडला तर परत घेणार नाहीत. कागद कधी मिळणार? माहीत नाही. डॉक्टरला माहीत नाही, याला माहीत नाही, पप्पूला तर कधीच काही माहीत नसतं.

मंगळ. १८ फेब्रु.
आज मी पप्पूला फोन लावून शांतपणे सांगितलं की माझ्या छपरावरून जी वायर वर गेलीय ती मी उद्या सकाळी विळ्यानं कापणार आहे. बंगल्यातल्या लोकांना माझं नाव सांगा.
"अवो ताई, असं नगा करू, लई महागाची हाय ती."
"मग त्यातली एक लाईन मला द्या."
दुपारी बारालाच आला, शिडी घेऊन. गेलं वर्षभर जे होत नव्हतं ते दीड तासात झालं. डबा आता खिडकीत, पातेलं फळीवर. हिरवा दिवा. आईनं विचारलं, "पाल?" मी म्हटलं, बसू दे पालीला.

रवि. २३ फेब्रु.
झालं एकदाचं चित्र स्वच्छ. सं. नं मित्राच्या खोलीवर जाऊन फोन लावला, तिथे वायफाय चांगलं. त्याच्या शर्टाची शिवण मोजता येईल इतकं स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आईकडे पाहिलं तर तिच्या कपाळाला आठी. "दिसत न्हाई."

मनात म्हटलं, गेले डोळे. तिचा चेहरा माझ्याकडे वळवून विचारलं, शर्ट कसला आहे?
"निळा. वरलं बटन तुटलंय."
मागं काय आहे?
"खिडकी. बर्फ पडलाय बाहेर."
मग दिसतंय की!
"तसं दिसतंय गं. त्याचं तोंड दिसत न्हाई. मिशीखाली बोलतोय त्यो."

दाढी. दोन बोटं वाढलेली दाढी आणि वरच्या ओठावर उतरलेल्या मिशा. दोन वर्षं मी हा माणूस चौकोनात बघत होते, मला वाटायचं काळं दिसतं ते नेटमुळे. पप्पू, दगडी भिंत, पातेलं, काचबिंदू, सगळ्यांना दोष दिला. ती पहिल्या दिवसापासून बरोबर तेच सांगत होती, आमच्याच घरच्या भाषेत. आणि ती मला कळली नाही.

सं. ला म्हटलं, दाढी काढ. "थंडी आहे गं," म्हणाला आणि कामावर जायचं म्हणून बंद केला. रविवारी कसलं काम?

सोम. २४ फेब्रु.
फोनवर भांडण. त्याला म्हटलं, गोदामात हीटर नाही? मफलर मिळत नाही पोलंडात? आईला दिसेनासं होतंय आणि तुला मिशा प्याऱ्या?
"ताई, तुला न्हाई कळायचं."
मग कळव ना!
त्यानं फोन आपटला. मी पुन्हा लावला. उचलला नाही. रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी शिवून बसले, आता उसवा.

मंगळ. २५ फेब्रु.
सकाळी त्याचा मेसेज आलेला. बोलला नाही, लिहिलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते:

"ताई मी पहिल्यांदा आलो तेव्हा आपल्या घरासारखाच बोलायचो तोंड मोठं करून. जेवायच्या सुट्टीत सगळे हसायचे. माझं नाव मासा ठेवलं. मासा कसं तोंड उघडतो तसं करून दाखवायचे. आपलीच पोरं पण. मग दाढी वाढवली आणि कमी तोंड उघडायला शिकलो. आता काढली तरी मला तसं बोलता येईल का माहीत नाही. आईला सांगू नको."

वाचून असा संताप आला. आधी त्या पोरांचा. मग याचा. ज्या बोलण्यावर लहानाचा मोठा झालास, आजारी पडलास की रात्रभर जे बोलणं आई दिव्याच्या उजेडात बघत बसायची, त्याची लाज? चार लोक हसले म्हणून? असंच सगळं लिहून काढलं त्याला. लांबलचक.

पाठवणार तेवढ्यात कापूरहोळचा फाटा आठवला. वडेवाला. माझे मिटलेले ओठ. आई दुसऱ्यांदा विचारत होती आणि मी बस बघत होते.

लिहिलेलं सगळं पुसलं. फक्त "बरं" पाठवलं. स्वतःवर इतकं चिडायची सवय नाही मला, दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

गुरु. २७ फेब्रु.
थेंब घालायला गावातल्या दुकानाबाहेर आईला बसवलं, वेळ झाली होती म्हणून. चार बायका होत्या. मी चांगलं तोंड फाकवून सांगितलं, "मा-न व-र क-र." एकजण हसली. मी तिच्याकडे बघून तेवढंच मोठं तोंड करून विचारलं, "का-य झा-लं?" आई म्हणाली, "हिच्याशी का तसं बोलतीस? हिला कान हायेत."

संध्याकाळी आईला डोळ्यांचं खरं सांगितलं. तिनं सगळं नीट बघितलं. विचारलं, "संदीपला ठावं हाय?" आहे म्हटलं. मग भाकरी थापायला बसली.

रवि. २ मार्च
तीनला फोन वाजला. हिरवा दिवा होता. चित्र आलं.

दाढी नाही! मिशाही नाहीत. हनुवटी पांढरीफटक, एका ठिकाणी वस्तरा लागलेला. एकदम दहावीतला दिसायला लागला. आईनं मोबाईल दोन्ही हातांत धरून अगदी समोर घेतला, नजरेत मावेल असा.

तो पुटपुटल्यासारखं बोलला काहीतरी. तिनं मान हलवली. दिसलं न्हाई. त्यानं आजूबाजूला बघितलं, खोलीत कुणीतरी होतं मागे, पाय दिसत होते पलंगावर. मला वाटलं, आता बंद करतोय. मनातल्या मनात शिवी तयार ठेवली होती.

आईनं विचारलं, तिच्या त्या गावभर जाणाऱ्या आवाजात, "कवा येतोस?"

मागचे पाय हलले. कुणीतरी हसलं, मला ऐकू आलं. संदीपनं मागे बघितलं नाही. कॅमेऱ्याजवळ आला आणि तोंड उघडलं, मोठं, पूर्वीसारखं, पडजीभ दिसेल इतकं.
"आ..."

आणि थिजलं. नेमकं तिथेच! दिवा तांबडा. खिडकीतून बघितलं, वर बंगल्यांकडे पप्पू शिडी लावून खांबावर चढलेला. मी इथून जी हाक मारली ती पानशेतपर्यंत गेली असेल.

फोन बंद करून परत लावावा म्हणून मी मोबाईलला हात घातला. आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"थांब गं. त्याचं सांगून व्हायचंय अजून."

आई म्हणत असेल. आलो म्हणत असेल. आत्ता नाही, असंही असेल. साडेचार वाजलेत, दिवा अजून तांबडाच आहे. ती मोबाईल समोर धरून बसलीय आणि त्या उघड्या तोंडाकडे बघतेय. चार्जिंग अकरा टक्के आहे. चार्जरची वायर तिथवर पुरत नाही, म्हणून मी तिला पाटासकट सरकवतेय भिंतीकडे.