बर्फाच्या टाकीवरची नेमणूक

पावस,
मे महिन्यातला मंगळवार

तीर्थस्वरूप काशीताई हिच्या पायांशी धाकट्या महिपतचा नमस्कार. (वाकून केला आहे. वाकताना मागे काही कलंडत नाही ना, तेही पाहून घेतलं आहे.) भावोजींची साखर कशी आहे? सकाळी फिरायला जातात ते रस्त्याच्या कोणत्या बाजूने? गाड्या समोरून दिसतील अशाच बाजूने जावं, म्हणजे निदान अंगावर काय येतंय ते कळतं. तुझा गुडघा दुखायचा थांबला असं तुझी भावजय हौसा म्हणाली. एकदम थांबलं असेल तर डॉक्टरांना विचारून घे, एवढं दुखणं एकाएकी जातं कुठे? इकडे हौसा बरी आहे. तुझी भाची ईशा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि सध्या दिवसभर मोबाईलवर कसले कसले कोर्स बघत बसते. आगरातल्या माडांवर यंदा माकडं फार. मी जिवंत आहे. हे शेवटचं वाक्य पद्धत म्हणून लिहिलेलं नाही.

फोनच केला असता, पण झाल्या गोष्टीबद्दल तोंडाने बोलायला लागलो की माझा आवाज अजून चिरकतो आणि समोरच्याला वाटतं रेंज गेली. म्हणून कागद घेतला. चहा घेऊन बस, आणि गॅस बंद केला आहेस का ते आधी बघून ये.

तुला ठाऊक आहे, मी आपल्या आंबेवाल्यांच्या संस्थेच्या कारखान्यात, कातळावर, कोठीचं काम बघतो. डबे, झाकणं, खोकी. खोकी माणसाला काही करत नाहीत, म्हणून मी सुखात होतो. यंदा तिथे तेजस्वी मॅनेजर म्हणून आली. (बंदरावरच्या रामा तांडेलांची तेजस्वी. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून तुझं मंगळसूत्र चघळायची ती. आता पुण्याहून इंजिनियर होऊन आली आहे आणि कोणालाच भीत नाही, हा तिच्यातला एक मोठा दोष.) तिने आल्याबरोबर कारखान्यामागे बर्फाची टाकी बसवली. टाकी म्हणजे आपल्या घराएवढी, उभी, पांढरी. आत नारळाएवढे प्लास्टिकचे गोळे, हजारोंनी, प्रत्येकात पाणी. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा यंत्र चालवून ते गोळे गोठवायचे, आणि दिवसा उकळता रस डब्यांत भरला की त्या गोळ्यांतला गारवा काढून डबे निववायचे. म्हणजे रात्रीची थंडी साठवून दुपारी वापरायची. मी तिला म्हटलं, बाय माझे, मेमध्ये रत्नागिरीत रात्री तरी थंडी असते कुठे? ती हसली आणि मला यंत्राची खोली दाखवली. तिथे भीती आहे, ताई. टाकीत नुसतं पाणी आणि न गोठणारं औषध, पण ते गार करणारं जे यंत्र, त्यात अमोनिया. पूर्वी म्हणे तो सगळ्या कारखान्यातल्या पाइपांतून फिरायचा आणि आम्ही त्याच्याखाली बसून भाकरी खायचो! आता नव्या पद्धतीत तो थोडासाच, आणि एकाच खोलीत कोंडलेला. तेजस्वीला यात समाधान वाटलं. मला वाटलं, कोंडलेला माणूस जास्त चिडतो.

आणि मग तिने त्या टाकीवर आणि त्या खोलीवर लक्ष ठेवायला मला नेमलं. सुरक्षा अधिकारी! मी हात जोडले. म्हटलं, या अख्ख्या पंचक्रोशीत माझ्याइतका भित्रा माणूस मिळणार नाही. ती म्हणाली, "म्हणूनच काका. न घाबरणारे लोक वास आला की थट्टा करतात आणि तिथेच उभे राहतात. तुम्ही पळाल. तुम्ही पळताना दिसलात की बाकीच्यांना कळेल." माझ्या आयुष्यात माझ्या स्वभावाचं कोणी एवढं कौतुक केलेलं नाही, त्यामुळे मी हो म्हणून बसलो. घरी येऊन हौसाला सांगितलं तर ती मासे साफ करत होती, ती थांबली नाही. ईशाने मात्र टाकीबद्दल शंभर प्रश्न विचारले. मला एकाचंही उत्तर येईना, म्हणून मी तिला दोनतीनदा कारखान्यात नेलं. (ही गोष्ट लक्षात ठेव. मी पुढे परत सांगणार नाही, मला त्रास होतो.)

मी तयारीला लागलो. गळ्यात ओला पंचा, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो असं मला शिकवलं होतं. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून बांबूला हौसाच्या जुन्या साडीची पट्टी. वाऱ्याला आडवं पळायचं असतं, हे मी दररोज पळून पाहायचो, तर कातळावर गुरं राखणाऱ्या बायका मला बघून तोंडाला पदर लावायच्या. त्यात ती टाकी आवाज करते. गोळे गोठताना आणि सुटताना आतून कट, कट, कुर्रर्र. तेजस्वी म्हणाली, ते तर तब्येत चांगली असल्याचं लक्षण. असेलही. पण दुपारी एकटा बसलेला असताना घराएवढ्या वस्तूने पाठीमागून दात खाल्ले, तर तिच्या तब्येतीचा आनंद मला होत नाही.

मग तो लाजिरवाणा प्रकार झाला. जेवणाच्या सुट्टीत मला वास आला. नाकात सुई घुसल्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा, अगदी शिकवला होता तसाच! मी भोंग्याचं बटण दाबलं आणि पळालो. माझ्यामागे आंबा कापणाऱ्या सगळ्या बायका हातातल्या सुऱ्यांसकट पळाल्या. खालच्या वाडीतल्या लोकांनी सुऱ्या घेतलेल्या बायकांपुढे मी धावतोय एवढंच पाहिलं आणि त्यांनी आपल्या मनाने काय समजायचं ते समजून घेतलं. तेजस्वीने मीटर घेऊन सगळीकडे तपासलं. मीटरला काही सापडेना. शेवटी ती जेवणाच्या खोलीत गेली आणि एक डबा घेऊन बाहेर आली. गंगुबाईचा. (आंबा कापणाऱ्यांची मुकादम, उंच, जोरकस आवाजाची, तू ओळखतेस.) त्यात मोरीचं सुकं होतं. मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे, समुद्रातली, शार्कच्या जातीची. ती जरा शिळी झाली की तिच्यातून खरोखरच अमोनिया सुटतो, असं तेजस्वी म्हणाली. म्हणजे माझं नाक चुकलं नव्हतं, फक्त पत्ता चुकला होता. पण हा बारकावा कोणी ऐकून घेतला नाही. गंगुबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "माज्या सासूने पन माज्या कालवनाला कवा भोंगा वाजवला नाय!" त्या दिवसापासून मी आवारातून जायला लागलो की कोणीतरी तोंडाने भोंगा वाजवायचं.

ताई, आता यापुढचं मी हळूहळू लिहितो.

गेल्या आठवड्यात, ऐन दुपारी, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठ्ठा आवाज करून जळाला. सगळी यंत्रं एका झटक्यात थांबली. एवढी शांतता झाली की कढईतल्या रसाचे बुडबुडे ऐकू येत होते. यंत्रावरचा माणूस वीज कचेरीत चौकशीला गेला. मी टाकीपाशी उभा होतो आणि मला वास आला.

आणि मी पळालो नाही. धाडस म्हणून नव्हे. मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली. अमोनियाची वाटते त्याहून जास्त वाटली, असं मला त्या क्षणी कळलं, आणि मला माझीच भीती वाटली. म्हणून मी आधी गंगुबाईकडे गेलो. हात जोडून विचारलं, "बाय, रागवू नको, पण आज डब्यात काय आणलंयस?"

ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "आज माजी संकष्टी हाय. डब्यात शाबू हाय. शाबूचा वास येतो काय तुला?"

माझं तोंड बघून तिने नाक वर केलं, हुंगलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला. मी धावत जाऊन भोंग्याचं बटण दाबलं. काही नाही. भोंगा विजेवर चालतो, ही गोष्ट वीज जाईपर्यंत सुरक्षा अधिकाऱ्याच्या लक्षात आलेली नव्हती. मी ओरडायला गेलो तर घशातून वारा आला. मग गंगुबाई ओरडली. ताई, ती बाई भोंग्याला भारी आहे. "उठा गो! सुऱ्या टाका! ह्यो बोलतो ते खरं हाय!" एवढं म्हणून तिने साडीची पट्टी कुठे उडते ते पाहिलं आणि सगळ्यांना वाऱ्याला आडवं, वरच्या बागेकडे नेलं. कोणी हसलं नाही. ते न हसणं मला फार भयंकर वाटलं.

यंत्राच्या खोलीच्या दारातून पांढरं धुकं जमिनीलगत सरकत बाहेर येत होतं. अगदी सावकाश, पाहुणा चपला काढून घरात येतो तसं. तेजस्वी पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडावर मुखवटा चढवत होती. आतला एक व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय गळती थांबणार नव्हती. एकाने आत जायचं तर दुसऱ्याने बाहेर थांबायचं, असा नियम आहे, आणि दुसरा म्हणजे मीच. तिने माझ्या हातात छतावरच्या टाकीच्या पाण्याची नळी दिली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला मला उभं केलं आणि म्हणाली, "दारावर पाण्याचा पडदा धरा. आणि काका, जाऊ नका." मग ती धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी काय केलं ते ऐक. माझे डोळे चुरचुरत होते, पंचा नाकाशी होता, नळी हातात नाचत होती, आणि मी बोलत होतो. मला शांतता सोसेना. "तेजस्वी, बाय, झालं काय गो? मी चाललो हां. मी खरंच चाललो. ही बघ नळी ठेवली. चाललो!" असं सारखं, मोठमोठ्याने, फाटक्या आवाजात. शिव्याही दिल्या, तिला, अमोनियाला आणि ज्याने बर्फ शोधून काढला त्याला. आतून उत्तर नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला वाटलं, रामा तांडेलांना आता मी काय तोंड दाखवू. वादळातून बोट आणणारा माणूस, त्याला मी सांगायचं, तुझी मुलगी कोरड्या जमिनीवर गेली? आणि तेवढ्यात पडद्यातून ती आली, भिजलेली, आंधळ्यासारखी हात पुढे करून, आणि माझ्या अंगावरच आपटली.

व्हॉल्व्ह बंद झाला होता. बागेकडच्या भिंतीला टेकून बसल्यावर तिने मुखवटा काढला. तिच्या मुखवट्याच्या काचेवर आतून वाफ धरली होती, तिला काही दिसेना, दार कुठल्या बाजूला तेही समजेना. "मग तुमचं चाललो चाललो ऐकू आलं," ती म्हणाली. "त्याच्याकडे चालत आले. तुम्ही गप्प बसला असतात तर मी आतच फिरत राहिले असते." आणि मग ती मुलगी, जी कोणालाच भीत नाही, माझा पंचा तोंडाशी धरून रडली. मीही रडलो. अमोनियाने डोळे आधीच लाल होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

पुढे वीज दुसऱ्या दिवशीपर्यंत आली नाही. यंत्र तर बंदच. अख्ख्या पंचक्रोशीचा आंबा आत पडलेला, उकळता रस डब्यांत भरलेला. तेजस्वीने छोट्या जनरेटरवर नुसता पंप चालवला आणि आदल्या रात्रीचा बर्फ थोडा थोडा सोडत राहिली. डबे निवले. कोठारातली फळं गार राहिली. एकही आढी नासली नाही. संध्याकाळी बागायतदार येऊन टाकीला हात लावून नमस्कार करून गेले. मीही लावला. तिने आतून कुर्रर्र केलं आणि मी दोन पावलं मागे उडी मारली, पण या वेळी गंगुबाईही उडाली, हे नमूद करतो.

तर असं आहे. तुम्ही दोघं जपून राहा. पंखा पुसताना बटण बंद करत जा.

तुझा,
महिपत

ता. क. ताई, हे सगळं पाल्हाळ मी एका कारणासाठी लावलं. ईशाला हेच शिकायचं आहे. रेफ्रिजरेशन! मुंबईच्या कॉलेजात. तेजस्वीने तिला फॉर्म भरून दिला आणि मी, बाप असून, सही करताना नको म्हणू शकलो नाही. ती तुझं ऐकते. तिला फोन कर आणि हे पत्र वाचल्यावर तुझ्या छातीत कसं धडधडलं ते सांग. तिला म्हणावं बँकेत जा. पोस्टात जा. जिथे कागद असतात तिथे जा.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द. मी भाकरी खायला उठलो तेवढ्यात ईशाने सगळं पत्र वाचलं. मोरीशी हसली. मी नळी धरून दाराशी उभा होतो, तो भाग तिने दोनदा वाचला. मग मला म्हणाली, "बाबा, मुखवट्याला आतून वाफ धरणार नाही असं काहीतरी करायला हवं ना?" आणि तेव्हापासून वहीत चित्रं काढत बसली आहे. मी तिच्याकडे बघत बसलो आणि मला जी भीती वाटली, ती अमोनियाची नव्हती. पोरगी आता इथे थांबत नाही, ताई. तेव्हा जूनपासून मुंबईतली तुझी मधली खोली रिकामी करून ठेव.

ता. क. तिसरा. तुम्ही सातव्या मजल्यावर राहता. ती लिफ्ट शेवटची कधी तपासली, ते भावोजींना सोसायटीत विचारायला सांग. तोवर पोरीला जिन्याने ने. तुझा गुडघा बरा झालाच आहे.