रुग्ण क्रमांक तीन सापडल्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
दुर्मिळ अर्बुद संशोधन विभाग,
भागीरथी स्मारक कर्करोग रुग्णालय,
रामदासपेठ, नागपूर

विषय : माझी पत्नी सौ. वच्छला ही बेपत्ता नसल्याबाबत व तिचे बंद केलेले इंजेक्शन पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाचा त्रिराष्ट्रीय संयुक्त अहवाल, मे १९७८, पृष्ठे ९ व ११.

महोदय,

१. मी भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून सेवानिवृत्त झालो असून जुनी शुक्रवारी येथे राहतो. ऑगस्ट १९७६ मध्ये माझ्या पत्नीच्या डाव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. तपासणीअंती आपल्या विभागप्रमुखांनी मला बसवून घेऊन सांगितले की, अशी गाठ साऱ्या जगात आजवर एकोणतीस जणांनाच झाली आहे. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी चुकून त्यांना धन्यवाद दिले.

२. त्यानंतर त्या गाठीच्या तुकड्यांच्या सत्तावीस काचपट्ट्या झाल्या. त्यांपैकी नऊ स्वीडनला, नऊ जपानला गेल्या. माझी पत्नी रामटेकच्या पलीकडे कधी गेलेली नाही. परंतु तिच्या गाठीमुळे तीन देशांत करार झाला, विभागाला नवे दालन मिळाले आणि विभागप्रमुख तीनदा परदेशी जाऊन आले. याबद्दल आमची तक्रार नाही. कारण स्वीडनहून इंजेक्शने आली, आणि फेब्रुवारी १९७७ पासून दर चौथ्या मंगळवारी एक याप्रमाणे ती दिल्यावर गाठ वर्षभरात हरभऱ्याएवढी झाली. मधल्या मंगळवारी वजन व रक्त तपासण्यासाठी यावे असा नियम होता.

३. तिने एकही मंगळवार चुकवलेला नाही. धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात, हळदीच्या दुसऱ्या दिवशी, रामटेकहून पहाटेच्या एस.टी.ने ती थेट रुग्णालयात आली. त्या दिवशीच्या केसपेपरवर 'दोन्ही तळवे पिवळे, कावीळ?' अशी नोंद आहे. या काविळीबद्दल जपानहून दोन सविस्तर पत्रे आली. ती हळद होती, हे मी तेव्हाच लेखी कळवले होते. त्या पत्राची पोच मिळालेली नाही.

४. दिनांक २४ जानेवारी १९७८ रोजी, मंगळवारीच, स्वीडनचे प्राध्यापक नव्या दालनाच्या उद्घाटनास आले. औक्षण करायला ठरलेल्या बाई आल्या नाहीत. तेव्हा संशोधन सहायकांनी बाकावर बसलेल्या माझ्या पत्नीच्या हाती तबक दिले. तिने पदर सारखा करून प्राध्यापकांना ओवाळले. गाठ पदराखाली होती. हे छायाचित्र अहवालाच्या पृष्ठ ९ वर असून खाली 'स्थानिक महिला स्वयंसेविका' असे छापले आहे.

५. यानंतर मार्चमध्ये आपल्या विभागाने तिला 'अभ्यासात पुढे राहायचे आहे काय' असे विचारणारे पत्र पाठवले. टंकलेखकाने जुनी शुक्रवारीचे 'शुक्रवार पेठ, पुणे' केले. पुण्याच्या पोस्टमनने 'येथे अशी कोणी बाई नाही' असा खरा शेरा मारून पत्र परत केले. त्या शेऱ्याच्या आधारे पृष्ठ ११ वर छापले गेले : 'रुग्ण क्रमांक ३ : संपर्क तुटला. ग्रामीण व अशिक्षित रुग्णांमध्ये उपचारांविषयी उदासीनता आढळते.' माझी पत्नी सातवी पास आहे, आणि मार्चमधल्या चारही मंगळवारी ती आपल्या दाराशी बसलेली होती.

६. एप्रिलपासून इंजेक्शन बंद झाले. कारण विचारता संशोधन सहायक म्हणाले की क्रमांक तीनशी संपर्क होत नाही. माझी पत्नी त्यांना म्हणाली, "अहो साहेब, मी तं इथंच बसून राहिली ना! मले काहून नाही विचारलं?" त्यावर त्यांनी सांगितले की अहवाल छापायला गेला आहे.

७. रक्त घेणे मात्र थांबले नाही. ती कोणत्याच नोंदवहीत रुग्ण म्हणून उरली नसल्याने, सिस्टर शोभाताईंनी मला दाखवल्याप्रमाणे, तिचे रक्त एप्रिलपासून 'निरोगी व्यक्ती, तुलनेसाठी' या सदरात जपानला जात आहे. गाठ पुन्हा बोराएवढी झाली आहे. जपानमधील विद्वान आता निरोगी माणसाच्या रक्तात काय काय आढळू लागले आहे याचा अभ्यास करीत असतील.

८. मी जूनमध्ये स्वीडनच्या प्राध्यापकांना माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत थेट पत्र लिहिले. त्यांचे उत्तर एकोणीस दिवसांत आले. रुग्ण सापडल्याचा दाखला विभागाने पाठवल्यास पुढील इंजेक्शने लगेच धाडू, आणि ओवाळणाऱ्या बाई त्याच होत्या हे वाचून मला लाज वाटली, असे त्यांनी लिहिले आहे. ते पत्र घेऊन मी आपले आवक लिपिक गोपाळराव यांना भेटलो. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी कपाट उघडून दाखवले. "हरवल्याचा फॉर्म आहे, मेल्याचा आहे. सापडल्याचा छापूनच नाही आला, रुपरावजी. आजवर कोणी सापडलंच नाही तं मी काय करू?"

९. तरी विनंती अशी की, अहवालात दुरुस्ती करू नये. उदासीनतेचे वाक्यही राहू द्यावे. ते पुढील परिषदेत कामी येईल. आपल्या फ्रिजमध्ये 'क्रमांक ३' अशी चिठ्ठी लावलेल्या तीन कुप्या शिल्लक आहेत. त्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. शोभाताई सुई घेऊन तयार आहेत, त्यांना फक्त आपली सही हवी आहे. एक कुपी आजच द्यावी आणि दाखला साध्या कागदावर लिहून द्यावा. मसुदा मी तयार करून जोडला आहे.

मंगळवार, दिनांक १२ सप्टेंबर १९७८

आपल्या दप्तरी न सापडणाऱ्या बाईचा नवरा,
रुपराव नत्थूजी भोयर
जुनी शुक्रवारी, नागपूर (पुणे नव्हे)

सोबत :
(१) हजेरीचे शिक्के असलेली बाह्यरुग्ण कार्डे
(२) अहवालाची पृष्ठे ९ व ११
(३) पुण्याहून परत आलेला लिफाफा (गोपाळरावांकडून मिळालेला)
(४) स्वीडनचे पत्र
(५) दाखल्याचा मसुदा

ता. क. : संपर्क तुटलेल्या रुग्णाच्या वतीने आलेला अर्ज आवक नोंदवहीत घेता येत नाही, असे आज सकाळी कळले. म्हणून तो टपालात न टाकता हातोहात पाठवीत आहे. हा कागद आपल्याला देऊन जी बाई टेबलासमोर उभी आहे, तीच वच्छला. साहेबांनी सांगितल्याशिवाय ती बसत नाही. सही नंतर करावी, आधी तिला खुर्ची द्यावी.