ताटावर न बोलायच्या गोष्टी

बाबा, ताटावर बसून गुरांच्या दवाखान्याचं बोलायचं नाही असा तुमचा नियम होता, आणि मला तो किळसेचा नियम वाटायचा. पू भरलेल्या खुरांच्या गोष्टी वरणभाताबरोबर कोण ऐकणार? शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे दिवस आले की तुम्ही आणखीच गप्प व्हायचात. जोड्यांचे मालक दिवसभर बैल दाखवायला यायचे. संध्याकाळी मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, बशीतला चहा फुंकत, सहज आठवल्यासारखं विचारायचा की भाऊजी, पाटलांच्या जोडीचं काय म्हणता. तुम्ही म्हणायचात, वांग्याची भाजी आज झकास झालीय. एकदा मीच विचारलं, तो पांढरा बैल लंगडतोय का हो? तुम्ही घास ताटात ठेवलात. "त्याचं दुखणं त्यानं मला दाखवलंय, तुला नाही," म्हणालात, आणि अर्ध्या जेवणावरून उठलात. मी रडले. आई बरेच दिवस तुमच्याशी तुटक वागत होती.

इथे न्यू जर्सीत मी घोडे तपासते, हे तुम्ही गेल्यानंतरचं. या शर्यतींत घोड्यावर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तिच्यावर चालक, आणि घोड्यानं आपली दुडकी चाल मोडायची नाही. उधळला तर चालकानं त्याला आवरून मागे घ्यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला पटच आठवला, फक्त धूळ कमी आणि कागदपत्रं जास्त. आजारी किंवा लंगडा घोडा पुन्हा पळू शकतो की नाही, हे मी ठरवते. लोक फोनवरून पैसे लावतात, म्हणून माझ्या घरच्या कुणीही इथे पैज लावायची नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलंय.

लेक दर शुक्रवारी कॉलेजातून घरी येते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोन वाक्यांत आमचं बोलणं संपतं. घोड्यांचं काढलं की मात्र फोन बाजूला ठेवते. मग मी काय करणार? तिला बोलतं ठेवण्यासाठी मी ताटात घोडे वाढत गेले, तुम्ही मला भाजी वाढायचात तसे. त्या शुक्रवारीही आमटी वाढता वाढता सांगितलं की उद्याच्या शर्यतीत ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त आहे तो घोडा डाव्या पुढच्या पायावर आखडून चालतोय. नियमात बसतो म्हणून पळायला सोडलाय, पण जिंकायचा नाही. तिनं खूप प्रश्न विचारले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

शनिवारी तो घोडा मागे पडला. या शर्यतींवर फार पैसा लागत नाही, त्यामुळे थोडी माणसं अचानक एकीकडे वळली तरी पैजेचा भाव हलतो आणि डोळ्यांवर येतो. शर्यतीआधी तसा तो आला होता. पंचांनी चालकाला बोलावलं. चित्रफितीत दिसत होतं की शेवटच्या वळणावर त्यानं घोड्याला ताणलं नाही. पाय दुखतोय हे लगामातून कळलं, म्हणून सोडून दिलं, असं तो सांगत राहिला. मला विचारलं तेव्हा चालीबद्दल जे होतं ते मी सांगितलं. पंच म्हणाले, ठीक आहे, पण हे बाहेरच्यांना शर्यतीआधी कसं कळलं? त्यांच्या मते माझ्याखेरीज ते एकाच माणसाला, चालकाला ठाऊक होतं. चौकशी होईपर्यंत त्याचा परवाना थांबवलाय. पन्नाशी उलटलेला माणूस, बापाच्या काळापासून याच धंद्यात. तबेल्याशी मला गाठून हळूच म्हणाला, "डॉक, तुम्ही तर त्याला पाहिलं होतंत. आणखी कुणी पाहिलं होतं का?" मी नाही म्हटलं. तेही खरंच होतं. पाहिलं कुणीच नव्हतं.

घरी येऊन लेकीला विचारलं. आधी ती हसली. "आई, इट वॉज जस्ट फॉर फन." मग माझा चेहरा पाहून तिचा उतरला. मैत्रिणीच्या फोनवरून लावले होते. मैत्रिणीनं आपल्या ग्रुपला सांगितलं, ग्रुपनं आणखी कुणाला. "विल दे टेक युवर लायसन्स?" असं तिनं विचारलं, आणि मग कितीतरी दिवसांनी मराठीत म्हणाली, "आई, तूच तर सांगितलंस."

तेव्हापासून भात करपतो, गाडी चालवताना वळण चुकतं. परवाना गेला तर या वयात कुठे जाऊ? तिचं नाव चौकशीत आलं तर तिला नोकरी कोण देईल? नवरा म्हणतो, वेट कर, आपोआप मिटेल. तो सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याच्याकडे बऱ्याच गोष्टी पुन्हा सुरू केल्या की मिटतात. आणि मला सारखं वाटतं, तुम्ही मला नुसतं रागावलात का? एवढ्या कडक नियमामागचं कारण एकदा तरी समजावून सांगायचं होतंत. मग तुमच्याच वतीनं मी स्वतःला उत्तर देते की सांगितलं होतं, मी रडण्यात होते.

घोड्याला गुंगीचं वगैरे औषध दिलं होतं का ते पाहायला शर्यतीनंतर त्याचं रक्त घेतलं होतं, त्याचा अहवाल आज सकाळी आला. मैदानाबाहेर गाडीत बसून हे लिहितेय. थोड्या वेळानं सुनावणी आहे. मी आत जाणार आहे, आणि त्या दिवशी माझ्या ताटावर काय बोलणं झालं ते सांगणार आहे. लेकही येते म्हणाली. नको म्हटलं, तरी ट्रेननं निघालीय. हे पत्र कुठे टाकणार, ते पर्समध्येच राहील. पण एक गोष्ट मी आत कुणाला सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. इतके दिवस मी देवापुढे हात जोडून मागत होते की त्या रक्तात काहीतरी सापडू दे, म्हणजे दोष त्या चालकावर जाईल. रक्त स्वच्छ निघालं, बाबा. आणि ते वाचून मला वाईट वाटलं.